दाखल रजिस्टरातली दोन वर्षं

टाचणी गंजलेली होती. तिचा तांबूस डाग अर्जाच्या कोपऱ्यावरून फोटोतल्या पोराच्या केसांपर्यंत पोचला होता, आणि देवरावनं तो आधी अंगठ्यानं, मग जराशी थुंकी लावून पुसून पाहिला, तसा तो आणखीच पसरला... राहू दे, म्हटलं त्यानं स्वतःला, हात लावला की बिघडतंच — आणि हे त्याला टाचणीबद्दलच म्हणायचं होतं, पण मन कसलं ऐकतंय, ते भलतीकडे पळालं, अकरा वर्षं मागं, आणि त्यानं त्याला घाईघाईनं परत ओढून आणलं.

समोर पोरं पाढे म्हणत होती. एप्रिलची सकाळची शाळा, तांड्यातली अर्धी पोरं पहाटेपासून मोहफुलं वेचायला गेलेली, त्यामुळं चार इयत्ता मिळून अकरा डोकी. त्यांच्या मध्ये मांडी घालून बसला होता रामसिंग. दहावीची परीक्षा दिलेला, पुसदच्या शाळेत तिसरा आलेला मुलगा, पण पहिलीतल्या पोरांबरोबर तेराचा पाढा असा मोठ्यानं म्हणत होता की जणू त्यालाही कुणी छडी दाखवली होती. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरून तो दोन कोस चालत आला होता. आल्या आल्या पाया पडला, खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, "हेडमास्तर साहेबानं चिठ्ठी देल्ली, गुरुजी. आजच पायजे म्हन्ते. दोनच्या गाडीनं वापस जाचं हाय मले."

पाकिटात दोन कागद होते. एक हा अर्ज. नागपूरच्या एका कॉलेजात सहा आठवड्यांचा उन्हाळी विज्ञानवर्ग, दहावीतून अकरावीत जाणाऱ्या मुलांसाठी. साऱ्या विदर्भातून चाळीस मुलं घेणार, राहणं-जेवण तिथंच. वर्ग नीट पुरा करणाऱ्यांची मॅट्रिकनंतर कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस होणार. अट क्रमांक तीन — दिनांक १ मे १९६४ रोजी उमेदवाराच्या वयाची सोळा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. दुसरा कागद म्हणजे हेडमास्तरांची चिठ्ठी, सुंदर वळणदार अक्षरात: 'मुलगा अत्यंत हुशार आहे. आमच्या दप्तरी त्याची जन्मतारीख १ जुलै १९४७ अशी लागली आहे, त्यामुळे तो अटीत बसत नाही. परंतु मुलगा वयाने लहान दिसतो. तुमच्या दाखल्यावरून आमच्याकडे नोंद करताना काही चूक झाली असल्यास कृपया मूळ दाखल रजिस्टर पाहून त्याचा प्रमाणित उतारा आजच द्यावा. अर्ज आज सायंकाळच्या टपालाने गेलाच पाहिजे.'

भला माणूस! दार उघडून उभा होता बिचारा. नुसतं आत या म्हणायचं बाकी ठेवलं होतं त्यानं. सत्तेचाळीसच्या जागी एकोणपन्नास, एवढं लिहून खाली सही ठोकायची, शिक्का मारायचा, की झालं. आणि देवरावला ठाऊक होतं की एकोणपन्नासच खरं आहे. साऱ्या जगात हे ठाऊक असलेली माणसं या तांड्यातली तेवढीच, आणि त्यांच्यातलं लिहिता येणारं बोट एकच.

अकरा वाजता त्यानं शाळा सोडली. पोरं उधळली, रामसिंग मात्र थांबला, फळा पुसला, खडूचे तुकडे डबीत भरले, न सांगता. मग म्हणाला, "गुरुजी, तिथं सूक्ष्मदर्शक हाय म्हन्ते. एकेका पोराले एकेक. आमच्या शाळेत एक हाय, पन कपाटात. किल्ली शिपायापाशी अन् शिपाई रजेवर." हसला. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, लहानपणापासून. "पान्याच्या थेंबात काय काय रायते ते पाहाचं हाय मले."

"पाह्यशील," देवराव म्हणाला. काहून म्हणालो मी असं? तोंडातून निघून गेलं. अशीच निघून जातात वाक्यं, आणि मग ती समोरच्याच्या डोळ्यांत जाऊन बसतात, परत मागता येत नाहीत.

पेटीतून त्यानं रजिस्टर काढलं. पुठ्ठा वाळवीनं कडेला खाल्लेला, आतली पानं मात्र शाबूत. पहिलंच पान. जुलै १९५३. अनुक्रमांक एक ते पंचवीस, सगळं त्याच्या हातचं, तेव्हाचं अक्षर किती ताठ होतं! आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ जुलै, १ जुलै, १ जुलै... साल तेवढं वेगळं. अनुक्रमांक बावीस, रामसिंग. बापाचं नाव. अंकी, आणि त्याखाली अक्षरी — एक जुलै एकोणीसशे सत्तेचाळीस. अंकातला सात एखाद्या वेळी नऊही वाटला असता, डोळे मिटून कुणी वाचला तर. पण अक्षरी? 'सत्तेचाळीस' कुणी 'एकोणपन्नास' वाचील असं एकही भिंग नागपूरच्या कॉलेजात नसेल.

तेव्हा तो पंचविशीचा होता. त्याआधी वणीकडच्या एका गावात त्याची शाळा होती आणि तिथं त्याला राहायला खोली मिळाली नव्हती — महाराच्या मास्तरला कोण देतो खोली — म्हणून तो वर्षभर शाळेच्याच ओसरीवर निजला, अंथरूण गुंडाळून नकाशाच्या मागं ठेवायचा. मग या तांड्यावर शाळा काढायची की नाही हे ठरवायला वरून त्याला पाठवलं. सेवादास नायकानं, तांड्याच्या प्रमुखानं, त्याला पाहिलं, जात विचारली, ऐकली, थोडा वेळ चिलीम ओढली आणि म्हणाला, "तो कुडाचा खोपा रिकामा हाय. रायता का?" म्हणजे अगदी सगळं देवासारखं झालं असंही नाही. पहिली दोन वर्षं बाया पाणी वरूनच ओतायच्या, हे विसरून कसं चालेल. तिसऱ्या वर्षी कधीतरी ते थांबलं. कोणत्या दिवशी थांबलं हे कुणाला सांगता यायचं नाही, देवरावलाही नाही. पण खोपा मिळाला होता. स्वतःचं दार, स्वतःची कडी. पंचवीस वर्षांच्या माणसाला दाराची कडी आतून लावता येणं म्हणजे काय ते ज्यानं ओसरीवर वर्ष काढलं त्यालाच कळेल.

तर नियम असा की सहा वर्षांवरची पंचवीस मुलं दिसली तरच शाळा. तांड्यात भरली सोळा. नायकानं रात्री सगळ्यांना बसवलं. बंजाऱ्यांच्या पंचायतीत नायकाचा शब्द पडला की पडला, मग त्यावर बाई नाही, म्हातारा नाही, कुणी बोलत नाही. आणि काय डोकं त्या माणसाचं! "नऊ लेकरं लहान हायेत, त्याइचं वय वाढवलं तं दिसून येईन," तो म्हणाला. "आज जो धाकला भाऊ हाय तो उद्या मोठा दिसन. तं असं करू, सगळ्याइलेच दोन-दोन साल वाढवू. लहान तो लहान रायन, मोठा तो मोठा." सगळ्यांनी माना हलवल्या. देवरावला तर तेव्हा ते इतकं न्यायाचं वाटलं होतं की त्याला हसूच आलं — कुणावर अन्याय नाही, सगळ्यांना सारखंच खोटं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. जन्माचा कागद कुणापाशीच नसायचा, तेव्हा वय ओळखायची एक रीत होती — उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाताशी आला तर सहा वर्षं झाली, नाही तर जा घरी. देवरावनं सकाळपासून त्या नऊ चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवलं होतं... त्यानंच शिकवलं, नायकानं नव्हे... मान थोडी वाकवा, खांदा वर घ्या, जोरानं ओढा. धनीबाईच्या कडेवरचं तिचं चार वर्षांचं पोर — हाच रामसिंग — खाली उतरेना. उतरलं ते हुंदके देतच. पण त्यानं मान अशी वाकवली, अशी वाकवली की सगळं अंग एका बाजूला झुकलं, आणि कानाची पाळी बोटाच्या टोकात पकडून ते उभं राहिलं, गालावर पाणी, आणि सोडीचना. इन्स्पेक्टर हसले. "छोड बेटा, हो गया," म्हणाले. आणि देवरावला त्या पोराचा इतका अभिमान वाटला होता! पहिला धडा मीच शिकवला त्याला. पहिला.

जेवायला बसले तेव्हा कौसल्या रामसिंगच्या पानात भाकरीवर भाकरी टाकत होती. लग्न होऊन ती इथं आली सत्तावन्नला, दीक्षेच्या पुढच्या उन्हाळ्यात. त्रेपन्नची गोष्ट देवरावनं तिला कधी सांगितली नव्हती. सांगायला काय, रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं दोघं उभं राहून पंचशील म्हणायचे, आणि चौथ्या शीलाशी — खोटं न बोलण्याच्या — त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. तिला वाटायचं श्वास पुरत नाही. दीक्षेच्या आधीचं खोटं दीक्षेनं धुतलं जातं का, हे कुणाला तरी विचारायचं त्यानं कित्येकदा ठरवलं, पण असा प्रश्न विचारायचा तर पुढचाही विचारावा लागतो — आणि त्या खोट्यावरून दर साली नवे दाखले देतो, त्यांचं काय?

"अवो," कौसल्या पोरगा हात धुवायला उठल्यावर हळूच म्हणाली, "हे लेकरू सतराव्यात हाय असं वाटते का तुमाले? मिसरूड तरी फुटलं का त्याले? माह्या भावाले पंधराव्या वर्षीच दाढी आलती."

"कोणाले लवकर येते, कोणाले उशिरा."

"अन् आवाज? आवाज तरी फुटा लागते नं!"

"जेव तू," तो म्हणाला, जरा जास्तच जोरानं. कौसल्यानं त्याच्याकडे पाहिलं. ती तोंड मिटून बसणारी बाई नव्हे, पण या वेळी तिनं नुसती भाकरीची टोपली पुढं सरकवली, आणि ते जास्त लागलं.

त्यानं छत्री घेतली आणि धनीबाईच्या घराकडे निघाला. कशाला निघालोय हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि वाटेत तो ते स्वतःला पुनःपुन्हा सांगत होता, म्हणजे निदान त्याबद्दल तरी शंका राहू नये. आई साक्षीदार. आईनं सांगितलं की पोराचा जन्म अमक्या सालचा, की लिहिता येतं — 'मातेच्या सांगण्यावरून'. मग ते माझं राहत नाही. मग ते तिचं.

धनीबाई अंगणात मोहफुलं पसरत होती. उन्हात त्यांचा गोड, जडसा वास तापून डोक्यात जात होता. नवरा मेल्यापासून तिनं कोपरावरच्या पांढऱ्या बांगड्या उतरवल्या होत्या, पण कामाच्या भरात ती अजूनही दंड मागं झटकायची, तिथं काही अडकतंय असं वाटून. तिनं बाज ओढून दिली.

"काम झालं पोराचं?"

"होते," तो म्हणाला. बसला. मग सहज विचारल्यासारखं, "धनीबाई, रामसिंगचा जन्म कधीचा व तुमचा?"

"तुमाले माईत नाई का? तुमीच तं लिवलं."

"लिहिलं ते सोडा. तुमी सांगा. कोन्त्या साली झाला? त्या साली काय झालतं?"

तिचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. फुलांकडे पाहत, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "सतरावं लागलं त्याले."

"इन्स्पेक्टर आले तेव्हा तो कडेवर होता तुमच्या."

"सगळेच लेकरं कडेवर रायते, गुरुजी." आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, "बाबूसिंग पोलिसात हाय."

बाबूसिंग म्हणजे नायकाचा धाकटा मुलगा, अनुक्रमांक चार. मागच्या वर्षी वणीला भरती झाला तेव्हा रजिस्टराप्रमाणं एकोणीस, खरं म्हणजे सतरा. आणि तो एकटाच कुठं होता! पंचवीस नावं होती त्या पानावर. कुणी नोकरीला, कुणाची लग्नं त्याच वयांवर ठरलेली, आणि नवरा मेल्यावर धनीबाईचं घर नायकाच्या कणगीतल्या ज्वारीवर दोन वर्षं चाललं होतं हे तांड्यातलं कुत्रंही सांगेल. ती शब्द राखत होती. नायकानं त्या रात्री टाकलेला शब्द ती अजून राखत होती, आणि तिला ठाऊकच नव्हतं की आज तो शब्द तिच्याच पोराच्या आड येतोय... कारण ते सांगितलंच नव्हतं तिला कुणी. वयाचा आणि नागपूरचा काय संबंध ते तिला कसं कळावं? ते फक्त देवराव सांगू शकत होता. एका वाक्याचं काम. धनीबाई, पोरगा चौदाचा निघाला तर नागपूरला जातो, सतरावा लागला असेल तर जात नाही.

सांग ना! सांग, देवराव!

आणि मग ती सांगेल. आई आहे, कितीही शब्द राखला तरी सांगेलच, फुलं टाकून उठेल आणि ओरडून सांगेल की लेकरू दूध पीत होतं माझं, तुमीच ओढून नेलं शाळेत. आणि मग मला लिहावं लागेल. म्हणजे मी इथं तिच्या तोंडून खरं ऐकायला आलोच नव्हतो तर. मी आलो होतो ते ती नाही म्हणते का ते पाहायला.

"नागपूरले जाईन नं तो?" धनीबाईनं विचारलं. आता ती त्याच्याकडे पाहत होती. "तुमी हा म्हन्लं की मंग मले काइ काळजी नाई. त्याचा बाप म्हने, गुरुजीच्या हातात देल्लं हाय पोरगं."

देवराव उठला. काहीतरी पुटपुटला. बाजेच्या दोरीत छत्रीची तार अडकली, ती त्यानं ओढून सोडवली.

नायक लिंबाखाली बसला होता, पटक्याचं एक टोक डोळ्यांवर ओढून. आता सत्तरीला टेकलेला. झोपलाय म्हणून देवराव हळूच पुढं सरकला, तर पटक्याखालून आवाज आला, "आडलं कुठं, गुरुजी?"

"वयाशी आडलं, नायक."

नायकानं चिलीम चाचपली. मग म्हणाला, "यंदा नाई तं पुढच्या सालात जाईन."

"पुढच्या साली आनखी मोठा होईन तो. अन् मॅट्रिकही होऊन जाईन. हा वर्ग यंदाच हाय त्याच्यासाठी."

"हं." चिलीम विझलेली होती, तरी ओढली. "एक नाव निघालं की सगळे निघतीन. बाबूसिंगले काढतीन, तुमाले काढतीन. शाळा रायन का नाई, देव जाने." मग त्यानं पटका डोळ्यांवरून वर केला. डोळे पाण्यानं भरलेले, पण ते म्हातारपणाचं पाणी होतं की कसलं ते सांगणं कठीण. "पोरगं गुनाचं हाय, हे बी खरं. मी काय सांगू? मी अंगठा लावनारा मानूस. तुमी शिकेल हा. तुमीच पाहा."

झालं. सगळे आपापला गोळा करून त्याच्याच पदरात टाकत होते. ज्या माणसानं त्या रात्री एका वाक्यात पंचवीस लेकरांना दोन-दोन वर्षं वाटली तोच आता म्हणत होता, तुमीच पाहा! देवरावला चीड आली. खरोखरची, पोटातून. पण नायकाच्या पायाच्या भेगा त्याला दिसल्या आणि चीडही टिकेना. कुणावर चिडायचं? याच म्हाताऱ्यामुळं तर तेराचा पाढा म्हणायला आज अकरा पोरं बसतात. खोटं बोललो नसतो तर शाळा नव्हती, शाळा नसती तर रामसिंग आज गाई वळत असता आणि पाण्याच्या थेंबात काय असतं हे त्याला पाहायचंच नसतं. मग मी त्याला काय दिलं आणि त्याचं काय घेतलं? हिशेब मांडायला गेलं की आकडे जागचे हलायचे.

शाळेत येऊन त्यानं कोरा कागद घेतला. 'दाखल रजिस्टरातील उतारा.' नाव. बापाचं नाव. जात. दाखल झाल्याची तारीख. जन्मतारीख... इथं टाक थांबला. गंमत पाहा, उतारा खरा द्यायचा तर जे खोटं लिहिलंय तेच पुन्हा लिहायचं, आणि पोराचं खरं वय लिहायचं तर उतारा खोटा द्यायचा. एकोणपन्नास लिहिलं आणि कुणी मूळ रजिस्टर मागवलं तर? कोण मागवतं. पण मागवलं तर? हेडमास्तर भला आहे, पण त्याच्या वरचा भला असेल कशावरून. आणि एकोणपन्नास तरी खरं कुठं, एक जुलै तर नक्कीच खोटं. त्याची खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, जशी माझी नाही, माझी आईही म्हणायची तू कापसाची पऱ्हाटी फुटली तेव्हाचा... मग मी कोणतं खरं लिहू? कुठलं खरं शिल्लक आहे लिहायला?

हा विचार त्याला बरा वाटला. फार बरा वाटला. एवढा बरा की त्याचा त्यालाच संशय आला. देवराव, तू पळवाट शोधतोयस. हो, शोधतोय. बेचाळीस रुपयांच्या नोकरीवर लागलेला माणूस, घरी वणीकडे म्हातारे आईबाप, इथं कौसल्या आणि तिच्या पोटात चौथा महिना. मी नाही शोधणार तर कोण शोधेल? टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब लोंबत होता. तो कागदावर पडेल, डाग पडेल, मग नवा कागद घ्यावा लागेल, मग दोनची गाडी... आणि हात आपला आपण चालला. एक, जुलै, एकोणीसशे, सत्तेचाळीस. अंकी. मग अक्षरी. अक्षर अजूनही चांगलं येतं, असा एक मूर्ख विचार मध्येच येऊन गेला. सही. शिक्का. त्यानं शाई टिपली.

फाट्यापर्यंत तो रामसिंगबरोबर गेला. जायची गरज नव्हती. डांबरी सडक उन्हात लखलखत होती आणि पळसाच्या झाडाखाली जेवढ्यास तेवढी सावली. पोरानं वाटभर पाकीट उघडलं नव्हतं, गुरुजींनी बंद करून दिलेलं पाकीट कसं उघडायचं म्हणून. फाट्यावर आल्यावर त्यानंच विचारलं, "पाहू का, गुरुजी?"

"पाह्य."

त्यानं कागद काढला. वाचला. देवराव सडकेकडे पाहत होता, पण त्याला सगळं दिसत होतं — डोळे त्या ओळीपाशी थांबले ते, पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली ते, आणि मग कागद होता त्याच घडीवर घडी करून पाकिटात घातला ते. दूर कुठं गाडीचा आवाज आल्यासारखा वाटला. नव्हता.

आता विचारील. आता म्हणेल, गुरुजी, असं काहून? तर सांगून टाकायचं. खरंच सांगून टाकायचं, इथं, या सडकेवर. पोरगा मोठा आहे, समजूतदार आहे. पाकीट फाडायचं, नवा कागद... शिक्का शाळेत राहिला. तरी सांगायचं. निदान त्याला ठाऊक असू दे की तो कोण आहे, केवढा आहे.

"गुरुजी," रामसिंग म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "माहंच चुकलं. हेडमास्तर साहेब म्हने चूक असन, तं मलेही वाटलं होतं असन बा. पन तुमच्या हातची चूक कशी होईन." चपलेच्या टोकानं त्यानं एक खडा उकरला. "मी उशिरा आलतो शाळेत. लहानपनी लई रडत होतो म्हने मी, मायले, याडीले, सोडतच नोयतो. दोन साल आंधी येऊन बसलो असतो तं आज वयात बसलो असतो."

दोन साल आधी इथं शाळाच नव्हती, हे पोराला कुणी सांगितलं नव्हतं; देवरावनंही सांगितलं नाही.

"पुसदले बी पोरं मले हासते. म्हन्ते, वयानं आमच्याएवढा अन् उंचीनं एवढुसा. पळाले मी मांगं, कब्बडीत मी मांगं. तिसरा आलो तं ते काइ मोठं नाई, गुरुजी. पहिले दोघं तेवढेच हायेत वयानं. मी..." तो थोडा हसला, तो चढलेला दात दिसला. "मीच जरा मंद हाय."

नाही रे. नाही रे बाबा. तू त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेस. तू दुधाच्या तोंडानं शाळेत आलास आणि तरी त्यांच्या बरोबरीनं चालत आलास, कुणी तुला हात दिला नाही, कुणी सांगितलं नाही की तू लहान आहेस, हळू चाल. तू मंद नाहीस. मंद, भित्रा, जो काय असेल तो दुसराच आहे — हे सगळं देवरावच्या घशापर्यंत आलं, शब्दांनिशी आलं, आणि त्यानं तोंड उघडलं.

"होते कधी कधी," तो म्हणाला. "उशीर होते."

"हौ," पोरानं मान हलवली.

गाडी आली. रामसिंग वाकला, पाया पडला, पायावरची धूळ कपाळाला लावली, चढला. खिडकीतून हात केला. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी धुरळ्यात गेली.

देवराव पळसाखाली उभा राहिला. वाट पाहत होता तो. आता काहीतरी येईल आत, रडू येईल, अंगावर कोसळेल काहीतरी, आणि ते कोसळलं म्हणजे निदान... पण काही कोसळलं नाही. छातीवरचं काहीतरी, जे सकाळपासून, नाही, अकरा वर्षांपासून तिथं होतं, ते हळूच उतरलं होतं. पोरानं दोष स्वतःवर घेतला होता. कुणी न सांगता, आपण होऊन, पाया पडून. आता कुणी काही विचारणार नव्हतं. रजिस्टर पेटीत होतं, बाबूसिंग पोलिसात होता, कौसल्या घरी वाट पाहत होती. त्यानं स्वतःला शिव्या घातल्या, त्या पोराचा तो दोन वर्षांनी लहान असलेला चेहरा मुद्दाम डोळ्यांपुढं आणला, पुनःपुन्हा आणला. काही उपयोग झाला नाही. त्याला बरं वाटत होतं. भर उन्हात, त्या सडकेवर, त्याला मोकळं आणि बरं वाटत होतं, आणि ते कसं थांबवायचं हे त्याला कळत नव्हतं.